झिरो माइलचा दगड, बोअरवेल आणि पृथ्वीचा आस

नागपुरात झिरो माइलला घोड्यांच्या पुतळ्यांजवळ उभं राहून फोटो काढणारे पुष्कळ; तिथं कोरलेला आकडा वाचणारे थोडे. १९०७ सालची ती सर्वेक्षणाची खूण. उंची १०२०.१७१ फूट, समुद्रसपाटीपासून. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण नागपूरची उंची मोजायची ती त्याच्यापासूनच.

हिशेब उलटाही लागतो. काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात विहीर आटली की बोअर मारायची, तीही कोरडी गेली की आणखी खोल जायचं. उपसलेलं पाणी बागेतून वाफेनं, ओढ्यानं निघतं आणि बरंचसं शेवटी समुद्राला मिळतं. १९९३ ते २०१० या काळात जगभरात असं सुमारे २,१५० अब्ज टन भूजल उपसलं गेल्याचा अंदाज आहे. त्यानं समुद्र ६ मिलिमीटर चढला. वजन जागचं हललं, तशी फिरती पृथ्वीही किंचित सरकली. दक्षिण कोरियातल्या की-वॉन सिओ आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवलं, की या उपशामुळं ध्रुव, म्हणजे पृथ्वीच्या आसाचं टोक, जवळपास ८० सेंटिमीटर पूर्वेकडे गेला. सर्वाधिक परिणाम वायव्य भारत आणि पश्चिम उत्तर अमेरिकेतल्या उपशाचा.

आस डोलतो हे जुनंच. गणितज्ञ ऑयलरनं १७६५ मध्ये ते गणितानं मांडलं, १८९१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ चँडलरनं सुमारे १४ महिन्यांचं डोलणं निरीक्षणांतून सिद्ध केलं. ध्रुव एरवीही काही मीटरच्या फेऱ्यात फिरत असतो. तेव्हा या ८० सेंटिमीटरनं ऋतू बदलत नाहीत. ‘पृथ्वी कलंडली’ असे मेसेज पुढं ढकलणाऱ्यांनी निवांत झोपावं. पाण्याच्या वजनाची धास्ती महाराष्ट्रानं घेतली ती कोयनेत: धरणात पाणी साठल्यावर धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला.

खरी काळजी सागरी प्रवाहांची. उत्तर अटलांटिकमध्ये थंड, खारट, म्हणून जड पाणी खाली बुडतं आणि प्रवाहाचं चक्र चालू राहतं. तापमानवाढीनं ग्रीनलंडचा बर्फ वितळून गोडं पाणी मिसळलं, की ते हलकं होतं, बुडेनासं होतं. असा प्रवाह एका अवस्थेतून दुसरीत एकदम उलटू शकतो, हे सागरशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेलनं १९६१ मध्येच मांडलं होतं. २००४ पासून २६.५ उत्तर अक्षांशावर उपकरणं लावून त्याची सलग मोजणी चालू आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार या शतकात तो मंदावणं जवळपास ठरलेलं. २१०० पूर्वी अचानक कोसळणार नाही, याची खात्री मात्र मध्यमच. कोसळला, तर आशियाचा मोसमी पाऊस दुबळा पडेल. नागपूरच्या नळाला पाणी देणारं तोतलाडोह धरण भरतं, ते त्याच पावसावर.