नाइट गार्ड : स्वच्छता आणि निगा

नाइट गार्ड म्हणजे झोपेत दात खायची सवय असलेल्यांनी रात्री वरच्या नाहीतर खालच्या दातांवर चढवायचं प्लास्टिकचं आवरण, ज्याच्या त्याच्या दातांच्या मापाचं. डेंटिस्ट त्याला स्प्लिंट पण म्हणतात. याने दात खाणं थांबतं असं मात्र म्हणता येत नाही, 2007 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे झालेले अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात, तसा पुरेसा पुरावा सापडला नाही. दातांच्या ऐवजी तो स्वतः झिजतो हाच त्याचा खरा उपयोग. आणि रोज रात्रभर तोंडात राहणारी वस्तू म्हटल्यावर तिची सफाई हा उपचाराचाच भाग आहे, तरी बऱ्याचदा पेशंटला "रोज धुवा" एवढंच सांगितलं जातं.

याची सुरुवात कोणी केली यावर एकमत नाही, आणि निगेचे आजचे नियम कुठून आले ते कळायला हा वाद थोडा बघावा लागतो. न्यूयॉर्कचे थॉमस गनिंग यांनी 1860 च्या दशकात मोडलेल्या जबड्यांसाठी व्हल्कनाइटचे, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचे स्प्लिंट बनवले, 1865 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम स्यूअर्ड यांचा जबडा मोडला तेव्हा त्यांच्यावरही हाच उपचार झाला, म्हणून काही जण मूळ तिथे धरतात. दुसरे लोक लंडनच्या वुल्फ क्राउझ यांचं नाव घेतात, त्यांनी 1890 च्या आसपास बॉक्सर लोकांच्या दातांवर गट्टापर्चाच्या, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेल्या रबरासारख्या पदार्थाच्या पट्ट्या बसवल्या असं सांगतात. पण गनिंगचा स्प्लिंट हाड जुळेपर्यंत जबडा धरून ठेवायला होता आणि क्राउझच्या पट्ट्या ठोसा झेलायला, दात खाण्याशी दोन्हींचा संबंध नाही. व्हिएन्नाचे मोरित्स कारोली यांनी 1901 मध्ये दात खाण्याचा संबंध हिरड्यांच्या पायोरियाशी जोडला, आणि त्याच्या पुढेमागे दाढांवर बसवायची आवरणं वापरायला घेतली. तेव्हा हेतू बघितला तर मान कारोलींकडे जाणं जास्त योग्य वाटतं, नेमकं साल थोडं सैल धरूनच.

व्हल्कनाइट सच्छिद्र होतं, लाळ आणि वास शोषून घ्यायचं. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात अक्रिलिक हे कडक प्लास्टिक आलं आणि कवळ्या त्याच्या व्हायला लागल्या, पुढे मिशिगन विद्यापीठात रॅमफ्योर्ड आणि अ‍ॅश यांनी रूढ केलेला कडक स्प्लिंटही अक्रिलिकचाच. त्यामुळे कवळीच्या निगेचे नियम जसेच्या तसे नाइट गार्डला लागू झाले. अडचण अशी की आज खूप जणांकडे अक्रिलिकचा गार्ड नसतोच, ईव्हीए नावाच्या मऊ प्लास्टिकचा असतो, नाहीतर आतून मऊ बाहेरून कडक असा दोन थरांचा. म्हणून आपला गार्ड कशाचा आहे हे बनवतानाच विचारून घ्यावं, पुढचं बरंच त्यावर ठरतं.

रोजची सफाई सोपी आहे. सकाळी काढल्या काढल्या, लाळ वाळायच्या आत, वाहत्या गार पाण्याखाली धरायचा, मऊ ब्रशवर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घेऊन आतून बाहेरून हलक्या हाताने घासायचा आणि साबणाची चव राहणार नाही इतका धुवायचा. ब्रश वेगळा ठेवलेला बरा. आतल्या बाजूला प्रत्येक दाताचा खळगा असतो तिथे जास्त लक्ष द्यायचं, बुळबुळीत थर तिथेच बसतो. हा थर म्हणजे जंतूंची वस्ती, कॅन्डिडा ही बुरशीसुद्धा त्यात वाढते, आणि नुसत्या चूळ भरल्यासारख्या धुण्याने तो जात नाही.

टूथपेस्ट वापरावी का यावर मतं वेगळी आहेत. काही डेंटिस्ट चालते म्हणतात, पण टूथपेस्टमध्ये सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड असते, दाताच्या एनॅमलला ती सोसते, अक्रिलिक त्याच्यापेक्षा खूप मऊ असल्याने त्यावर चरे पडतात आणि त्या चऱ्यांत जंतूंना चांगला आसरा मिळतो. काचेसारखा पारदर्शक गार्ड काही महिन्यांत धुरकट दिसायला लागला तर बऱ्याचदा कारण हेच असतं. त्यामुळे न वापरणंच बरं. दंतमंजन, राखुंडी, मिश्री यांचा तर प्रश्नच नाही, ती टूथपेस्टपेक्षा भरड.

उकळतं पाणी कुठल्याच गार्डला नको. घरी गरम पाण्यात बुडवून चावून बसवायचे जे गार्ड मिळतात ते मुळात गरम पाण्याने मऊ होतात म्हणूनच आकार घेतात, तेच पाणी परत लागलं की आकार जातो. अक्रिलिकही वाकतं, आणि डोळ्याला न दिसणारा फरकसुद्धा दाताला लगेच कळतो, सकाळी एकच दाढ दुखते. उन्हात उभ्या गाडीत डबी विसरली तरी तेच.

कवळी साफ करायच्या गोळ्या आठवड्यातून एक-दोनदा वापरायला हरकत नाही. त्यात बेकिंग सोडा, सायट्रिक आम्ल आणि परबोरेट किंवा परसल्फेट असतं, फेस येऊन थर सुटतो, पण ब्रश तरी लागतोच. परसल्फेटची काहींना अ‍ॅलर्जी असते, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2008 मध्ये याबद्दल सावध केलं होतं, म्हणून गोळी तोंडाबाहेर ग्लासातच आणि नंतर गार्ड चांगला खळखळून धुवायचा. अमेरिकन प्रोस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कृत्रिम दात बसवणाऱ्या डेंटिस्टांच्या संघटनेच्या 2011 च्या कवळीविषयक सूचनांत ब्लीचमध्ये 10 मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये असं आहे. घरच्या वापरात नाइट गार्डला ब्लीच नकोच, तारेचे हुक असतील तर गंजतात. अल्कोहोल असलेल्या माउथवॉशमध्येही भिजत ठेवू नये, आणि क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या माउथवॉशने तपकिरी डाग पडतात.

पांढरा खरखरीत थर म्हणजे कीटण, लाळेतल्या क्षारांचं. वरच्या गार्डवर ते दाढांच्या गालाकडच्या बाजूला आणि खालच्या गार्डवर पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला जास्त धरतं, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. बोअरचं जड पाणी असेल तर त्याचे क्षारही जमतात. धातू नसलेला गार्ड पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून अर्धा तास ठेवला की थर मऊ होतो. सुरी, सुई, टूथपिकने खरवडू नये, नाही निघालं तर डेंटिस्टकडे नेलं की ते मशिनवर साफ करून देतात.

ओला ठेवायचा की कोरडा, हा दुसरा वाद. कवळी पाण्यात ठेवतात, कारण अक्रिलिक थोडं पाणी शोषतं आणि वाळलं की आकारात किंचित फरक पडतो. मऊ आणि दोन थरांचे गार्ड मात्र बहुतेक ठिकाणी कोरडे ठेवायला सांगतात. अक्रिलिकबाबत गार्ड बनवणारी लॅब सांगेल ते करावं, बाकीचे पुसून, हवेवर पूर्ण वाळवून भोकं असलेल्या डबीत. ओला गार्ड बंद डबीत कोंडला की वास येणारच. डबीही साबणाने धुवायची, ती लोक विसरतात. टिश्यूत गुंडाळून बेसिनपाशी ठेवला तर कचऱ्यात जातो, आणि घरात कुत्रा असेल तर उंचावर ठेवावा, लाळेच्या वासाने कुत्री गार्ड चावून टाकतात.

लावण्याआधी दात घासणं तितकंच महत्त्वाचं. झोपेत लाळ फार कमी सुटते, त्यात गार्डखाली दात झाकलेले, मग अडकलेलं खरकटं रात्रभर तिथेच राहतं आणि दात किडतात. गार्ड लावून दूध किंवा गोड काही घेऊ नये, पाणी चालतं.

लहान मुलं दात खातात तेव्हा आपल्याकडे पोटात जंत झाले म्हणतात. त्यांना सहसा गार्ड देत नाहीत, दात पडत-येत असतात.

भोक पडलं, तडा गेला, दोन थर सुटून मध्ये पाणी शिरायला लागलं, किंवा धुऊनही वास जात नसेल तर गार्ड बदलायचा. मऊ गार्ड लवकर झिजतो, कडक काही वर्षं टिकतो. दातात नवीन सिमेंट भरलं किंवा कॅप बसवली की जुना गार्ड नीट बसत नाही, तो दाबून बसवू नये, सोबत घेऊन जावा आणि डेंटिस्टकडून घासून जुळवून घ्यावा.