सुसरबाईची पाठ आणि विश्वामित्रीचा काठ

कमाटीबागेत सकाळी फिरायला जाणारे आम्ही बडोदेकर काळ्या घोड्याजवळच्या पुलावर हमखास थांबतो. खाली विश्वामित्रीच्या काठावर मगर ऊन खात पडली आहे का, हे पाहिल्याशिवाय पाय पुढे निघत नाहीत. थंडीत तर एकाच वळणावर दोन-तीन दिसतात, जबडा उघडा टाकून, अगदी निवांत. पावागडच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी शहराच्या मधोमध वळणं घेत जाते आणि पुढे ढाढरला मिळते. २०२५च्या फेब्रुवारीत शहरातल्या पात्रात मोजणी झाली, तेव्हा ४००च्या वर मगरी भरल्या. इतक्या दाट वस्तीच्या शहरात इतक्या मगरी, आणि त्याही पिंजऱ्यात नव्हे, मोकळ्या नदीत. याचं मला अजूनही नवल वाटतं.

घरात कोणी उगाच गोड बोलायला लागलं की आमची आजी म्हणायची, ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ!’ जाणकार सुसर आणि मगर वेगळी करतात, पण आजीची सुसरबाई म्हणजे पुलाखालची मगरच. तिची पाठ मऊ नाही, हे तर म्हणीतच गृहीत आहे. पाठीच्या खवल्यांखाली हाडाच्या ढाली असतात. मात्र तिच्या जबड्याची गोष्ट निराळी आहे. जबड्याच्या कडेने बारीक काळे ठिपके असतात. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात डंकन लीच आणि केनेथ कॅटानिया यांनी २०१२ मध्ये हे ठिपके तपासले. प्रत्येक ठिपका म्हणजे मज्जातंतूंच्या टोकांनी भरलेला इवलासा घुमट निघाला. काही घुमट आपल्या बोटांच्या टोकांहूनही संवेदनशील होते. पाण्यावर उठलेला हलकासा तरंगही मगरीला कळतो तो यांच्यामुळे.

त्याच डोक्यावरच्या खवल्यांचं कोडं जिनिव्हा विद्यापीठात सुटत आलं आहे. पक्ष्यांची पिसं आणि आपले केस कुठे उगवायचे, याची आखणी गर्भात जनुकांच्या हुकमाने होते. मगरीच्या चेहऱ्यावरच्या रेषा मात्र अशा आखलेल्या नसतात. मिशेल मिलिंकोविच यांच्या गटाने डिसेंबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं, की गर्भाच्या डोक्यावरची कातडी खालच्या हाडापेक्षा वेगाने वाढते आणि जागा न पुरल्याने तिला घड्या पडतात. दुधावरची साय एका कडेला सरकवली की ती जशी सुरकुतते, तसंच हे. कातडीची वाढ भडकवणारं प्रथिन अंड्यात टोचल्यावर गर्भाच्या डोक्यावर मेंदूसारख्या वळ्या उमटल्या. म्हणजे एकाच मगरीच्या गालांवरची नक्षीही डावी-उजवीकडे सारखी नसते, कारण ती जनुकांनी रेखलेली नसून ताणाने पडलेली असते.

पण मला स्वतःला सगळ्यांत थक्क करतं ते तिचं रक्त.

मगर पाण्याखाली तासाहून जास्त वेळ श्वास रोखून राहू शकते. फुफ्फुसं मोठी असतील, एवढं म्हणून भागत नाही. प्रश्न आहे तो हिमोग्लोबिनचा. हे प्रथिन फुफ्फुसात ऑक्सिजन उचलतं आणि शरीरभर पोचवतं. पण ऑक्सिजन घट्ट धरून ठेवून उपयोग नाही, तो योग्य जागी सोडताही यायला हवा. माणसात तांबड्या पेशींमधलं फॉस्फेटयुक्त एक संयुग हिमोग्लोबिनला चिकटतं आणि त्याची पकड सैल करतं. बहुतेक पृष्ठवंशीय प्राण्यांत अशीच फॉस्फेटवाली व्यवस्था असते. मगरीने ती सोडून दिली आहे.

तिची युक्ती अशी. श्वास रोखला की शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि रक्तात त्याचा बायकार्बोनेट होतो. हाच बायकार्बोनेट मगरीच्या हिमोग्लोबिनला जाऊन बसतो आणि त्याच्याकडून ऑक्सिजन सोडवून घेतो. जो स्नायू जास्त राबला, तिथे कार्बन डायऑक्साइड जास्त, म्हणून बायकार्बोनेट जास्त, म्हणून तिथेच ऑक्सिजन जास्त सुटणार. मागणी आणि पुरवठा एकाच दोरीने बांधलेले! साठा संपत आलेला असतानाही उरलेला ऑक्सिजन अगदी गरजेच्या जागी पोचतो.

हे गुपित पूर्वीच माहीत झालं होतं. १९९५ मध्ये मगरीच्या हिमोग्लोबिनचे मोजके तुकडे माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये बसवून तसाच गुण आणण्यातही यश आलं होतं. तेव्हा वाटलं, निसर्गानेही अशाच चार-दोन बदलांत काम उरकलं असेल. नेब्रास्का-लिंकन विद्यापीठातले जे स्टॉर्झ आणि चंद्रशेखर नटराजन यांनी ते पडताळून पाहिलं. त्यांनी आजच्या प्राण्यांच्या जनुकांवरून मागे मागे हिशेब करत, सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीच्या पूर्वजाचं हिमोग्लोबिन प्रयोगशाळेत नव्याने घडवलं. मगरी आणि पक्षी यांचा हा समाईक पूर्वज. मग त्या रेणूत एकेक बदल करून पाहिले. उत्तर वेगळंच आलं. मगरीचा गुण २१ बदलांच्या गुंत्यातून आला होता. जे बदल सर्वांत महत्त्वाचे वाटत होते, तेही एकटे फारसं काही करू शकत नव्हते. आधीच्या बदलांनी जमीन तयार केलेली असेल, तरच ते रुजत होते. डिसेंबर २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ‘कोट्यवधी वर्षांत न बदललेला प्राणी’ असं मगरीला सहज म्हटलं जातं, ते मला या संशोधनानंतर पटत नाही. बाहेरचं रूप टिकलं, आत मात्र पुष्कळ घडत होतं.

आणखी एक गोष्ट जाता जाता सांगतो. कोस्टा रिकातल्या एका प्राणी उद्यानात दोन वर्षांची असल्यापासून एकटीच ठेवलेल्या अमेरिकी मगरीने १६ वर्षांनी, जानेवारी २०१८ मध्ये, १४ अंडी घातली. त्यातल्या एका अंड्यात पूर्ण वाढलेलं, पण मृत पिल्लू सापडलं. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या वॉरन बूथ यांनी तपासलं, तर ते आईशी ९९.९ टक्के जुळत होतं. नराशिवाय झालेली ही गर्भधारणा मगरीत प्रथमच नोंदली गेली.

आता पुन्हा आपल्या नदीकाठी येऊ. कारण मगरीच्या अंड्यातलं सर्वांत मोठं नवल बाप असण्या-नसण्याचं नाही, मातीच्या उबेचं आहे. आपल्याकडे मुलगा की मुलगी, हे गर्भधारणेच्या क्षणी गुणसूत्रं ठरवतात. मगरीला लिंग ठरवणारी गुणसूत्रंच नाहीत. आपल्या भारतीय मगरीवरचा पायाभूत अभ्यास मद्रासच्या मगर केंद्रात जेफ्री लँग, हॅरी अँड्र्यूज आणि रोम्युलस व्हिटेकर यांनी केला आणि १९८९ मध्ये मांडला. अंडी २८ ते ३१ अंश सेल्सिअसवर उबवली की सगळ्या माद्या. ३२.५ अंशांवर सगळे नर. ३३ अंशांवर पुन्हा मिश्र पिल्लं. दीड-दोन अंशांच्या फटीत अख्ख्या वीणेचं लिंग फिरतं.

ही ऊब अंड्याला कळते कशी, यावर अलीकडच्या काही वर्षांत प्रकाश पडला. मगरीच्या नात्यातल्या अमेरिकी अ‍ॅलिगेटरच्या गर्भात एक उष्णतेची जाण असलेलं प्रथिन असतं. ठरावीक उबेला ते पेशीचं दार उघडून कॅल्शियम आत सोडतं, आणि नर घडवणाऱ्या जनुकांपर्यंत निरोप जातो. हे जपानी आणि अमेरिकी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं. ड्यूक विद्यापीठाच्या ब्लांश केपल आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी कासवात याच साखळीची पुढची कडी शोधली. मात्र तिथे उबेचा परिणाम उलटा आहे: एक विकर (एन्झाइम) नराच्या जनुकाला जागं करतं, आणि उष्णता त्या विकराला झोपवते.

बडोद्यात मगर फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान काठाच्या मातीत खड्डा करते, त्यात साधारण २५-३० अंडी घालते आणि माती लोटून बुजवते. पुढचे दोन-सव्वादोन महिने उबवण्याचं काम ऊन आणि माती करतात. खड्डा किती खोल, वर झाडाची सावली आहे की उघडं रान, माती वाळूची की चिकण, यावर आतले ते दीड-दोन अंश अवलंबून. २०२४च्या ऑगस्टमध्ये पूर आला आणि मगरी घराघरांपर्यंत पोचल्या. त्यानंतर २०२५ मध्ये विश्वामित्रीचा गाळ काढण्याचं, पात्र रुंद करण्याचं मोठं काम झालं. पूर आवरायलाच हवा, माझ्याही ओळखीच्यांच्या घरात पाणी शिरलं होतं. पण ज्या उतारावरची झुडपं जातात, त्या उतारावरची सावलीही जाते. म्हणून काम करणाऱ्यांच्या हातात नकाशाबरोबर घरट्यांच्या जागांची यादी आणि मातीत पुरायचा तापमापकही असावा, असं मला मनापासून वाटतं. तापमापक काही महाग वस्तू नाही.

इथून जवळच चरोतरात, मलातजसारख्या गावात, तळ्याकाठी खोडियार मातेचं देऊळ आहे. मगर हे देवीचं वाहन. तिथल्या बाया त्याच पाण्याच्या काठाशी कपडे धुतात आणि मगरीच्या घरट्याकडे पोरांना फिरकू देत नाहीत.

जूनमध्ये पहिला पाऊस पडायच्या सुमाराला पिल्लं अंड्यातूनच आवाज देऊ लागतात. आई खड्ड्याशी येते, पंजांनी माती उकरते, एकेक पिल्लू जबड्यात उचलते आणि पाण्यापर्यंत नेऊन सोडते. म्हशीचं हाड फोडू शकणारा हा जबडा, पण वीतभर पिल्लाला त्याचा ओरखडाही उठत नाही. जबड्याच्या कडेचे ते काळे ठिपके तिला दाताखाली काय आहे, ते नेमकं सांगत असतात.