वृत्तकक्षातील नोकरभरती आणि सामाजिक विविधता (पुणे)

वृत्तपत्रे, नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि वेबपोर्टल यांच्या वृत्तकक्षांत बातमीदार, उपसंपादक व संपादक म्हणून कोणाची निवड होते आणि त्यांत स्त्रिया व समाजातील वेगवेगळे गट कितपत असतात, हा या नोंदीचा विषय आहे. अमेरिकेत ही चर्चा वंश आणि लिंग यांभोवती झाली. महाराष्ट्रात वंशाच्या जागी जात येते. तिच्या जोडीला धर्म आणि शहर-खेडे हा भेदही असतो. पुण्यात ज्यांना मोठ्या पत्रांत जागा नव्हती, त्यांनी नोकरी मागण्यापेक्षा स्वतःची पत्रे काढली. त्यामुळे शहरातून निघणाऱ्या पत्रांत विविधता दिसते. एकेका वृत्तकक्षात मात्र ती दीर्घकाळ तोकडीच राहिली.

अमेरिकेतील पार्श्वभूमी : शहरांतील वांशिक दंगलींची चौकशी करणाऱ्या केर्नर आयोगाने १९६८ च्या अहवालात वृत्तपत्रांवर स्पष्ट ठपका ठेवला. गोऱ्यांनी, गोऱ्यांच्या नजरेतून लिहिलेल्या बातम्यांत कृष्णवर्णीयांचे जगणे येत नाही, असे त्याचे म्हणणे होते. पुढे १९७८ मध्ये अमेरिकी वृत्तपत्र संपादकांच्या संघटनेने वृत्तकक्षांची दरवर्षी गणती सुरू केली. तेव्हा अल्पसंख्य वंशांचे प्रमाण सुमारे ४ टक्के होते. लोकसंख्येतील प्रमाणाशी बरोबरी २००० पर्यंत गाठायची असे ठरले; ते जमत नाही हे दिसल्यावर १९९८ मध्ये मुदत २०२५ पर्यंत वाढवली. स्त्रियांचा लढा थेट कायद्याचा होता. ‘न्यूजवीक’ साप्ताहिकात पुरुष लेखक होत आणि तितक्याच शिकलेल्या स्त्रिया संशोधन-साहाय्यक म्हणून राहत. याविरुद्ध १९७० मध्ये तेथील ४६ स्त्रियांनी सरकारी आयोगाकडे तक्रार केली.

भारतात या प्रश्नाला तोंड फुटले ते एका अमेरिकी पत्रकारामुळेच. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे दिल्लीतील प्रतिनिधी केनेथ कूपर स्वतः कृष्णवर्णीय. एखाद्या दलित पत्रकाराशी गाठ घालून द्या, असे त्यांनी पत्रकार बी. एन. उनियाल यांना सांगितले. उनियाल यांनी अधिस्वीकृतिधारक (सरकारी मान्यतापत्र असलेल्या) पत्रकारांची ६८६ नावांची यादी चाळली, अनेकांना फोन केले. त्यांना एकही दलित पत्रकार सापडला नाही. हा अनुभव त्यांनी १९९६ मध्ये ‘पायोनियर’ या इंग्रजी दैनिकात लिहिला. पुढे २००६ मध्ये योगेंद्र यादव, अनिल चमडिया आणि जितेंद्र कुमार यांनी दिल्लीतील ३७ हिंदी-इंग्रजी माध्यमसंस्थांतील निर्णय घेणाऱ्या ३१५ व्यक्तींची पाहणी केली. लोकसंख्येत सुमारे ८ टक्के असलेल्या उच्चवर्णीय हिंदू पुरुषांकडे ७१ टक्के पदे निघाली. स्त्रिया १७ टक्के होत्या. अनुसूचित जाती-जमातींचे कोणीही नव्हते. ऑक्सफॅम इंडिया ही स्वयंसेवी संस्था आणि न्यूजलाँड्री हे वेबपोर्टल यांच्या २०१९ च्या अहवालात १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ उच्चवर्णीयांकडे होती. हे आकडे प्रामुख्याने हिंदी आणि इंग्रजी माध्यमांचे आहेत; ते जसेच्या तसे पुण्यावर लावता येत नाहीत. मराठी दैनिकांत मराठा आणि इतर मागास समाजातील संपादक झाले आहेत, अनेक जिल्हा आवृत्त्या त्यांच्याच हाती आहेत.

पुण्यातील पूर्वपीठिका : ‘केसरी’ आणि ‘मराठा’ १८८१ च्या जानेवारीत निघाले. चिपळूणकर, टिळक, आगरकर ही मंडळी पुण्याच्या सुशिक्षित ब्राह्मण वर्गातली, आणि तेच वळण पुढे शहराच्या पत्रकारितेला लागले. पण त्याआधी चार वर्षे, १ जानेवारी १८७७ रोजी, सत्यशोधक कृष्णराव भालेकर यांनी पुण्यातच ‘दीनबंधू’ सुरू केला होता. शेतकरी आणि कामकरी वर्गाचे हे पत्र पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईहून चालवले. पुण्यात सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेल्या तानुबाई बिर्जे यांनी पती वासुदेवराव यांच्या निधनानंतर त्याच ‘दीनबंधू’चे संपादन केले. भारतातील पहिल्या स्त्री-संपादकांत त्यांची गणना होते. त्या कोणाच्या नेमणुकीने संपादक झाल्या नाहीत. पत्र घरातले होते, म्हणून खुर्ची मिळाली.

दलित कार्यकर्ते शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये पुण्यातून ‘सोमवंशीय मित्र’ काढले. मुरळीच्या, म्हणजे देवाला मुली वाहण्याच्या प्रथेत अडकलेल्या शिवूबाई या स्त्रीचे पत्र त्यात छापले गेले. त्या काळच्या पुण्यात दुसऱ्या कोणत्या संपादकाच्या टेबलावर ते पत्र टिकले असते, अशी शंका घ्यायला जागा आहे. कारण १९२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ‘मूकनायक’ मुंबईहून निघाले, तेव्हा पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. ही गोष्ट आंबेडकरांनी पुढे ‘बहिष्कृत भारत’मध्ये नमूद केली आहे. जिथे जाहिरातीला जागा नव्हती, तिथे नोकरीचा प्रश्नच येत नव्हता. पुढे १९३२ मध्ये नानासाहेब परुळेकर यांनी ‘सकाळ’ काढला आणि बातमीला मताच्या वर बसवले. गावोगावी वार्ताहर नेमण्याची पद्धत त्यातून रुळली. पुण्यातून निघणाऱ्या ‘साधना’ साप्ताहिकाच्या १५ ऑगस्ट १९७२ च्या विशेषांकात दलित लेखक राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला आणि गदारोळ झाला. तथापि विशेषांकातील पाहुणा लेखक आणि पगारी उपसंपादक यांत अंतर असते. दलित लेखकांना पहिली वाट लवकर खुली झाली, दुसरी फार सावकाश.

भरतीची रीत : पुण्यात बातमीदाराच्या जागेची जाहिरात क्वचितच निघते. जागा रिकामी झाली की डेस्कवरचा (बातम्या संपादित करणाऱ्या विभागातला) कोणीतरी ‘एक मुलगा आहे’ असे सुचवतो, आणि तो मुलगा बहुधा सुचवणाऱ्याच्याच महाविद्यालयातला, पेठेतला किंवा संघटनेतला असतो. जात विचारून कोणी नकार देत नाही. तशी गरजच पडत नाही. उपसंपादकाच्या चाचणीत प्रमाण मराठीवर भर असतो. घरी वेगळी बोली बोलणाऱ्या उमेदवाराचे लेखन त्यात ‘कच्चे’ ठरते, मग त्याला विषय कितीही कळत असो. फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ पासून चाललेल्या विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाने ही साखळी थोडी सैल केली. विद्यापीठ म्हणून तिथे प्रवेशाला आरक्षण आहे, त्यामुळे मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून आलेली पहिल्या पिढीची मुले वृत्तकक्षाच्या दारापर्यंत पोहोचली.

दारातून आत जाताना पैसा आडवा येतो. सुरुवातीचे महिने बिनपगारी किंवा नाममात्र मानधनाचे. पुण्यात घर असलेल्याला ते परवडतात, कॉट बेसिसवर (भाड्याच्या खोलीत एका खाटेपुरती जागा घेऊन) राहणाऱ्याला नाही. पत्रकारांच्या वेतनासाठीच्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्या उचलून धरल्या. त्या सुमारास कंत्राटी नेमणुकांचे प्रमाणही वाढत गेले. नवी पेठेतील पत्रकार भवनाच्या आसपासच्या गल्ल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांनी भरलेल्या आहेत. राखीव जागा, निवृत्तीपर्यंतची खात्री आणि समाजातला मान एका बाजूला असताना हुशार दलित किंवा भटक्या समाजातील पदवीधर कंत्राटी बातमीदारीकडे का वळेल, याचे उत्तर संपादकांकडे सहसा नसते. ‘चांगले उमेदवार येतच नाहीत’ ही तक्रार मात्र असते.

तालुक्याच्या पातळीवर चित्र बरेच वेगळे दिसते. जुन्नर, इंदापूर, दौंडकडचे अंशकालीन बातमीदार बहुजन समाजातून मोठ्या संख्येने येतात. पण त्यांना नियमित पगार नसतो. अनेकांना जाहिराती आणाव्या लागतात, काहींकडे अंकांची एजन्सीही असते. बातमी कोणत्या पानावर जाईल हे शहरातील डेस्क ठरवते.

स्त्रिया : स्त्रियांचा प्रवेश प्रथम मासिके आणि पुरवण्यांमधून झाला. ‘स्त्री’ मासिक (१९३०) किर्लोस्करांचे. पुढे त्याच्या संपादक झालेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. म्हणजे इथेही मार्ग स्वतःच्या नियतकालिकाचाच. दैनिकांत स्त्री-उपसंपादकांकडे पुरवणी, आरोग्य, शिक्षण, सांस्कृतिक असे विषय येत. पोलीस, महापालिका आणि राजकारण हे बीट (बातमीदारीचे क्षेत्र) पुरुषांचे मानले जात. ही विभागणी आता बरीच मोडली आहे. रात्रपाळीचा अडथळा अधिक चिवट आहे. शहर आवृत्ती मध्यरात्रीनंतर छपाईला जाते आणि पहिल्या पानाचा निर्णय तेव्हाच होतो, त्यामुळे घरी पोहोचवण्याची सोय नसलेली उपसंपादक त्या निर्णयापासून आपोआप दूर राहते. मुख्य उपसंपादक आणि वृत्तसंपादक या पदांची वाट रात्रपाळीतूनच जाते. दलित किंवा मुस्लीम स्त्री-बातमीदार तर याहून विरळ, आणि ‘महिला’ व ‘मागास’ अशा वेगवेगळ्या रकान्यांत मोजल्याने त्यांची अनुपस्थिती झाकली जाते.

बातमीवरील परिणाम : भंडारा जिल्ह्यातील एका दलित कुटुंबाचे खैरलांजी हत्याकांड (२९ सप्टेंबर २००६) हे याचे ठळक उदाहरण. सुरुवातीच्या बातम्यांत ते अनैतिक संबंधांतून घडल्याचे छापले गेले. जातीय अत्याचार म्हणून त्याला मुख्य प्रवाहात जागा मिळायला काही आठवडे आणि बरीच आंदोलने लागली. वृत्तकक्षात दलित पत्रकार असते तर पहिल्या दिवशी नेमके काय छापले गेले असते हे सांगता येत नाही, पण पोलिसांच्या तोंडी माहितीवर शंका घेणारा कोणीतरी खोलीत असता.

कायदेशीर स्थिती : संविधानातील आरक्षण सरकारी नोकऱ्यांना लागू आहे, खासगी वृत्तपत्रे त्याबाहेर राहतात. आकाशवाणी पुणे केंद्राच्या नियमित पदांना ते लागू होते, म्हणून सकाळच्या प्रादेशिक बातम्यांमागील सरकारी वृत्त विभागाची भरती आणि खासगी दैनिकाची भरती यांचे नियम मुळातच वेगळे आहेत. नैमित्तिक वृत्तनिवेदकांना मात्र तो नियमित पदांचा लाभ मिळत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा वृत्तकक्षांनाही बंधनकारक आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत तक्रार समिती नेमणे सक्तीचे आहे. आपल्या कर्मचाऱ्यांची जातनिहाय संख्या प्रसिद्ध करण्याची सक्ती कोणत्याही वृत्तपत्रावर नाही, आणि आपणहून ती छापण्याची प्रथा मराठी दैनिकांत पडलेली नाही.