बर्फ वितळतो म्हणून दूध गोठते

पॉटचे आइस्क्रीम करायला भट्टी लागत नाही, वीज लागत नाही आणि फ्रीझरही लागत नाही. लाकडी बादली, तिच्यात उभा बसणारा पातळ पत्र्याचा डबा, डब्यात फिरणारी पाती, वर दातेरी चक्रे आणि दांडा एवढीच त्याची सामग्री. अमेरिकेतील नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ मध्ये हाताने फिरवायच्या अशा यंत्राचे पेटंट घेतले आणि त्याची मूळ रचना आजही फारशी बदललेली नाही. मे महिन्याच्या सुट्टीत हापूसचा रस घालून हे आइस्क्रीम करण्याची रीत मराठी घरांत पुष्कळ वर्षे होती. ती पुन्हा सुरू करावी असे मला मनापासून वाटते, कारण पदार्थविज्ञानाचा इतका चांगला प्रयोग घरात सहसा पाहायला मिळत नाही.

बर्फ वितळू लागला की तो वाया चालला असे आपल्याला वाटते. पॉटमध्ये मात्र गोठवण्याचे सगळे काम वितळणारा बर्फच करतो. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळून शून्य अंशाचेच पाणी होण्यासाठी सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. ही उष्णता दुधातून काढून घ्यायची असते. अडचण अशी, की साखर, रसातील शर्करा आणि दुधातील क्षार यांमुळे आइस्क्रीमचे मिश्रण शून्य अंशाला गोठतच नाही, ते शून्याखाली दोन-अडीच अंशांच्या आसपास गोठू लागते. नुसता बर्फ कितीही भरला तरी डब्यातील दूध थंडगार होईल, पण पातळच राहील.

येथे मीठ उपयोगी पडते. शून्य अंशाला बर्फाच्या पृष्ठभागावरून जेवढे रेणू सुटून पाण्यात जातात, तेवढेच पाण्यातून परत बर्फाला चिकटतात. पाण्यात मीठ विरघळले की परतणाऱ्या रेणूंची संख्या घटते, सुटणाऱ्यांची मात्र तेवढीच राहते, त्यामुळे बर्फ वितळत जातो आणि त्यासाठी लागणारी उष्णता स्वतःतून व आसपासच्या खाऱ्या पाण्यातून घेत असल्यामुळे सगळ्या मिश्रणाचे तापमान शून्याच्या बरेच खाली उतरते. वजनाने तीन भाग बर्फाला एक भाग मीठ घेतले, तर ही घसरण उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकते. फॅरनहाइट यांनी आपल्या तापमापीचा शून्य ठरवताना याच गुणाचा आधार घेतला होता. त्यांनी मिठाऐवजी नवसागर वापरला होता.

आइस्क्रीमसाठी मात्र इतकी थंडी नको. मीठ फार झाले की डब्याच्या भिंतीलगत घट्ट थर गोठतो, पाती अडकतात आणि मधले दूध तसेच राहते. पाच भाग बर्फाला एक भाग मीठ हे प्रमाण पुरते. मीठ जाडेच घ्यावे, कारण बारीक मीठ झटकन विरघळून खाली बसते, तर जाडे मीठ थरांमध्ये टिकून सावकाश विरघळत राहते. बादलीत साठणारे खारे पाणी सुरुवातीलाच काढून टाकू नये. बर्फाच्या खड्यांमध्ये हवा असेल तर डब्याची उष्णता नीट निघत नाही, आणि पाणी ती पोकळी भरून डब्याला सगळीकडून भिडते. ते डब्याच्या झाकणापर्यंत चढणार नाही एवढी काळजी पुरे, बादलीच्या वरच्या अंगाला भोक असते ते त्यासाठीच. बादली लाकडाची असते कारण लाकूड उष्णता सहज आत येऊ देत नाही, आणि डबा धातूचा असतो कारण धातू ती सहज बाहेर जाऊ देतो.

एक लिटर म्हशीचे दूध पाऊण लिटर होईपर्यंत आटवावे, त्यात दीडशे ग्रॅम साखर विरघळवावी आणि पूर्ण गार झाल्यावरच सुमारे चारशे ग्रॅम आमरस मिसळावा, कारण रस आंबट असतो आणि गरम दुधात घातला तर दूध फाटू शकते. आटवल्यामुळे पाणी कमी होते, स्निग्धांश व प्रथिने दाट होतात आणि गोठणाऱ्या पाण्याला मोठे स्फटिक करायला वाव उरत नाही. हे मिश्रण फ्रिजमध्ये चांगले थंड करून घेतले, तर माझ्या हिशेबाने बर्फाचे जवळजवळ एक तृतीयांश काम वाचते.

मग दांडा फिरवायचा, आणि थांबायचे नाही. डब्याच्या आतल्या भिंतीवर बर्फाचे सूक्ष्म स्फटिक सतत तयार होतात, पाती ते खरवडून मधल्या दुधात मिसळतात. स्फटिक साधारण मिलिमीटरच्या विसाव्या भागाहून मोठे झाले, की जिभेला खरखर जाणवू लागते. त्याच हालचालीने थोडी हवाही आत कोंडली जाते. न घुसळता साच्यात गोठवलेल्या कुल्फीत ती जवळपास नसते, म्हणून कुल्फी इतकी घट्ट लागते.

पहिली काही मिनिटे दांडा अगदी हलका फिरतो, नंतर हात भरून येऊ लागतात. मिश्रण उणे पाच अंशांच्या आसपास पोहोचून त्यातील साधारण निम्मे पाणी गोठले, की तो जवळजवळ अडतो. उरलेले निम्मे पाणी द्रवच राहते, कारण पाणी गोठत जाते तसतशी उरलेल्या द्रवात साखर दाट होते आणि त्याचा गोठणबिंदू आणखी खाली सरकतो. आइस्क्रीम चमच्याने काढता येते ते या द्रवामुळेच.

आता पाती काढून झाकण घट्ट लावावे, खारे पाणी ओतून टाकावे, नवा बर्फ व मीठ भरून वर गोणपाट टाकावे आणि तासभर डब्याला हात लावू नये. उरलेले आइस्क्रीम घरच्या फ्रीझरमध्ये ठेवले तर दोन-चार दिवसांत संपवावे. फ्रीझरचे तापमान सतत थोडे वर-खाली होते, प्रत्येक वेळी बारीक स्फटिक विरघळून त्यांचे पाणी मोठ्या स्फटिकांवर गोठते, आणि आठवड्याभरात तोच डबा खरखरीत लागू लागतो.