बसण्याचा प्रश्न मेंदूपर्यंत कसा पोचला

ऐरोली, घणसोली, महापे हा ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा पट्टा एमआयडीसीने साठच्या दशकात वसवला तो कारखान्यांसाठी. पाळीवर आलेला कामगार तिथे आठ तास उभा असायचा, उचल-ठेव करायचा. आज त्याच रस्त्यावर आयटी पार्क आहेत आणि शिफ्ट खुर्चीवरची आहे. घोडबंदर रोडवरून येणारा तर त्याआधी तासभर गाडीतच बसलेला असतो. असा दिवस हृदयाला काय करतो, हे वैद्यकाला सत्तर वर्षांपासून माहीत आहे. मेंदूचं नाव मात्र फार उशिरा निघालं.

हृदयाची गोष्ट 1953 ची. ब्रिटिश डॉक्टर जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. तीनच वर्षांनी मॉरिस यांनीच गणवेशांची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या पँटी कमरेत आधीपासूनच मोठ्या निघाल्या. म्हणजे काही फरक कामाचा, काही मुळातला. मेंदूच्या अभ्यासांचीही या शंकेतून सुटका झालेली नाही.

मेंदूकडे कोणी वळत नव्हतं, कारण प्रौढ मेंदूत नव्या पेशी तयार होत नाहीत हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे स्पॅनिश मेंदूशास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांच्या काळापासून गृहीत होतं. जोसेफ ऑल्टमन यांनी 1960 च्या दशकात प्रौढ उंदरांच्या मेंदूत नव्या पेशी दाखवल्या, पण त्यांचं म्हणणं जवळपास तीस वर्षं बाजूलाच पडलं. 1995 मध्ये कार्ल कॉटमन यांच्या गटाला दिसलं की चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूत बीडीएनएफ हे प्रथिन वाढतं. चेतापेशी टिकवण्याचं आणि त्यांच्यातले जोड पक्के करण्याचं काम ते करतं. 1999 मध्ये हेन्रिएटा फान प्राग आणि फ्रेड गेज यांनी दाखवलं की धावणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी आणि वाटा लक्षात ठेवणाऱ्या भागात, नव्या पेशीही जास्त होतात. माणसाच्या बाबतीत यावर अजून वाद आहे. 2018 मध्ये एका गटाला प्रौढ माणसांत अशा पेशी सापडल्याच नाहीत, दुसऱ्याला म्हातारपणापर्यंत सापडल्या. त्यामुळे ‘चाला आणि मेंदूच्या पेशी वाढवा’ असे व्हॉट्सॲपवरचे संदेश जरा बेतानेच घ्यावेत.

माणसांवरचा सर्वांत गाजलेला प्रयोग 2011 चा, कर्क एरिक्सन यांच्या गटाचा. उतारवयातल्या 120 जणांपैकी निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस चालायला लावलं, उरलेल्यांना स्नायू ताणण्याचे आणि तोलाचे व्यायाम दिले. चालणं 10 मिनिटांपासून सुरू करून दर आठवड्याला 5 मिनिटं वाढवत सातव्या आठवड्यात 40 मिनिटांवर नेलं. वर्षाअखेर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे 2 टक्के वाढला, दुसऱ्या गटाचा 1.4 टक्के आक्रसला. बातम्यांत सहसा न येणारी बाब अशी की स्मरणशक्तीच्या चाचणीत दोन्ही गट सुधारले.

त्या चालण्याचा वेगही ठरलेला होता: सुरुवातीला हृदयाच्या राखीव ठोक्यांच्या (कमाल ठोके वजा विश्रांतीतले ठोके) 50 ते 60 टक्के, पुढे 60 ते 75 टक्के. वय 60 आणि विश्रांतीतले ठोके 70 धरले, तर 220 वजा 60 म्हणजे कमाल 160, आणि राखीव 90. त्याचे 60 टक्के 54. ते 70 मध्ये मिळवले की 124. 75 टक्क्यांना साधारण 137. ठाण्यात तलावपाळीला संध्याकाळच्या गर्दीत, दर दहा पावलांवर थांबत मारलेल्या फेरीत ठोके तिथवर जातच नाहीत. तीच फेरी सकाळी सहाला जमते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांना हा हिशेब लागू पडत नाही, कारण गोळी ठोके फारसे वाढू देत नाही. त्यांनी बोलून पाहावं: वाक्य पुरं करता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

बसण्याचा अभ्यास याच्या समांतर, वेगळाच वाढला. 2012 मध्ये संशोधकांनी व्याख्या ठरवली: जागेपणी बसून किंवा रेलून, 1.5 मेट किंवा त्याहून कमी ऊर्जा खर्च होणारी अवस्था (शांत बसल्यावर लागते ती ऊर्जा म्हणजे 1 मेट). या व्याख्येने ठाणे-वाशी लोकलमध्ये दांडी धरून उभा असलेला प्रवासी ‘बैठा’ ठरत नाही, आणि सकाळी येऊरच्या डोंगराचा चढ चढून आलेला माणूस ऑफिसात नऊ तास ठरतो. 2018 मध्ये लिव्हरपूलच्या गटाने ऑफिसात काम करणाऱ्या 15 जणांना चार तास बसवलं, तेव्हा मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग घटला. दर अर्ध्या तासाने 2 मिनिटं चालवल्यावर तो घटला नाही. दोन तासांनी एकदम 8 मिनिटं चालवून तितका स्पष्ट फायदा दिसला नाही. प्रयोग छोटा आहे, पण ऑफिसात करण्याजोगा आहे: बाटली अर्धीच भरायची, फोन आला की उठायचं, पाणी लांबच्या कूलरवरून आणायचं.

2023 मध्ये डेव्हिड रायकलन यांच्या गटाने मनगटी यंत्र लावलेल्या सुमारे 50 हजार ब्रिटिश वयस्कांची माहिती तपासली. दिवसाचं बसणं 10 तासांच्या पुढे गेलं की डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, जोखीम झपाट्याने चढत होती. याच गटाच्या आधीच्या अभ्यासात टीव्हीसमोर बसण्याचा संबंध जास्त जोखमीशी होता, संगणकापुढे बसण्याचा कमी जोखमीशी.

गणवेशाची शंका इथे परत येते. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल 2’ या 28 वर्षांच्या पाठपुराव्यात डिमेन्शियाच्या निदानाच्या आधी नऊएक वर्षांपासूनच लोकांची हालचाल कमी होत गेलेली दिसली. बसण्याने आजार आला की सुरू होणाऱ्या आजाराने बसवलं, हे निरीक्षणातून वेगळं करणं अवघड आहे. तरी ‘लॅन्सेट’च्या आयोगाने 2024 च्या यादीतल्या टाळता येण्याजोग्या 14 कारणांत हालचालीचा अभाव ठेवला आहे. भारतात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज 2023 मध्ये आला; 2022 मध्ये जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेचं 2020 चं प्रमाण आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम, शिवाय दोन दिवस ताकदीचा. पासष्टीपुढे तीन दिवस तोलाचाही. तोलाचा भाग बहुतेक जण सोडून देतात. ओट्याला हात टेकून एका पायावर उभं राहण्यापासून तो घरातच सुरू करता येतो.