वडिलांच्या नावचा रिफंड अडकलाय? आधी वारसाचा कागद बघा

परवा पारोळ्याकडच्या एक मावशी आल्या. पिशवीत मृत्यू दाखला, नवऱ्याचं पॅनकार्ड आणि घडी घालून घालून फाटायला आलेला सातबारा. नवऱ्याचा आयकराचा रिफंड मिळावा म्हणून आयकर पोर्टलवर केलेला वारस नोंदीचा अर्ज दोनदा फेटाळला गेला होता. ‘हाऊ कागद तलाठीनीच दिधा शे ना!’ त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण सातबाऱ्यावर वारस लागले म्हणजे आयकराचं काम झालं, असं नाही. ती जमिनीची नोंद.

आयकर पोर्टलला चालतो तो पुरावा वेगळा: न्यायालयाचा किंवा महसूल कार्यालयाचा वारस दाखला, हयात कुटुंबीयांचा दाखला, नोंदणीकृत मृत्युपत्र किंवा सरकारी कुटुंब निवृत्तीवेतनाचं प्रमाणपत्र. भुसावळच्या रेल्वेवाल्यांच्या आणि शिक्षकांच्या घरी हे शेवटचं बहुतेक असतंच, फक्त ते कुणी शोधत नाही. यातलं काहीच नसेल तर बँकेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, नॉमिनी किंवा जोडखातेदार कोण होता ते लिहून घ्या. तेही चालतं, आणि न्यायालयापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

आता खरी मेख. दाखला मराठीत असेल तर त्याचं हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर करून नोटरी करावं लागतं. महाराष्ट्र सरकारचा कागद मराठीतच येणार, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी ही अट पहिल्या पानावर ठळक लिहायला कुणाचा हात धजत नाही. मावशींना मीही हेच आधी विचारायला हवं होतं.

बाकी सोपं आहे: वारसाने स्वतःच्या पॅनने लॉगिन करायचं, ‘ऑथराइज्ड पार्टनर्स’ या मेनूमध्ये रिप्रेझेंटेटिव्ह असेसी (म्हणजे दुसऱ्याच्या वतीने कराचं काम बघणारा) म्हणून नोंदणी करायची, दोघांचं पॅन, मृत्यू दाखला आणि पुरावा जोडायचा.

वडिलांचा मोबाइल घरातच आहे म्हणून त्यांच्याच ओटीपीवर रिटर्न भरून टाकू नका. भावांनो, हे फार जण करतात. गेलेल्या माणसाच्या नावाने सही कशी चालेल?

मुदतीचाही घोळ होतो. समजा वडील 10 ऑक्टोबरला गेले. 1 एप्रिल ते त्या दिवसापर्यंतचं उत्पन्न त्यांच्या रिटर्नमध्ये, पुढचं वारसाच्या. पगार-पेन्शनवाल्यांची मुदत पुढल्या वर्षीची 31 जुलै. माणूस गेला म्हणून ती आपोआप वाढत नाही. उशीर झाला तर 5,000 रुपयांपर्यंत फी, उत्पन्न 5 लाखांच्या आत असेल तर 1,000. रिटर्न भरल्यावर 30 दिवसांत ई-व्हेरिफाय, म्हणजे ऑनलाइन पडताळणी, करा.

वडिलांच्या मागे आईला कुटुंब पेन्शन सुरू झाली असेल तर ती तिचं उत्पन्न. नव्या करप्रणालीत या कुटुंब पेन्शनचा एक-तृतीयांश किंवा 25,000 रुपये, यात जे कमी असेल तेवढी वजावट मिळते.

आणि दहावं-तेरावं उरकल्याबरोबर वडिलांचं खातं बंद करायला बँकेत धावू नका. मावशींच्या नवऱ्याचा रिफंड खातं बंद केल्यामुळेच परत फिरला होता.