पुरावाधिष्ठित देखभाल-प्रशिक्षण

वृद्ध, दिव्यांग, मनोरुग्ण आणि अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तींची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांना, संशोधनाच्या पद्धतशीर छाननीतून तयार झालेल्या मार्गदर्शक सूचनांच्या आधारे काम शिकवण्याच्या पद्धतीस पुरावाधिष्ठित देखभाल-प्रशिक्षण म्हणतात. एखादी रीत वर्षानुवर्षे चालत आली एवढ्यावरून ती हितकारक ठरत नाही, हे या पद्धतीचे गृहीतक आहे.

हा विचार वैद्यकातून आला. ब्रिटिश वैद्य आर्ची कॉक्रेन यांनी १९७२ मध्ये उपचारांची परिणामकारकता काटेकोर चाचण्यांनी पारखण्याचा आग्रह धरला. वैद्य डेव्हिड सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उपलब्ध उत्तम पुराव्याला काम करणाऱ्याच्या अनुभवाची जोड हवी, हे स्पष्ट केले. उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देण्यासाठी इंग्लंडमध्ये १९९९ साली स्थापन झालेल्या 'नाइस' या संस्थेकडे २०१३ पासून सामाजिक देखभालीसाठी सूचना तयार करण्याचे कामही आले. तिच्या समित्यांत तज्ज्ञांबरोबर सर्वसामान्य नागरिक व देखभालीचा स्वतः अनुभव असलेल्या व्यक्तीही बसतात, हे प्रशिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावे.

अशा सूचनांनी प्रत्यक्ष कामात काय बदलते, ते शय्याव्रणाच्या, म्हणजे बोलीतील बेडसोअरच्या, उदाहरणावरून नीट कळते. माकडहाडापाशी लाली दिसली की तिथे तेल किंवा पावडर लावून चोळायचे, ही आपल्याकडची जुनी आणि मायेने केली जाणारी रीत आहे. परंतु दाबाने आधीच दुखावलेल्या त्वचेला चोळण्याने आणखी इजा होण्याचा संभव असतो, आणि 'नाइस'च्या २०१४ च्या सूचनांत व्रण टाळण्यासाठी मालिश करू नये असेच सांगितले आहे. त्याच सूचनांनुसार धोका असलेल्या प्रौढ व्यक्तीची कूस निदान दर ६ तासांनी, तर जास्त धोका असलेल्या व्यक्तीची निदान दर ४ तासांनी बदलली पाहिजे. लालीवर बोट दाबल्यावर ती जागा पांढरी पडली नाही, तर व्रणाची सुरुवात झाली असे समजतात. मात्र सावळ्या त्वचेवर ही खूण सहज दिसत नाही. म्हणून ती जागा भोवतालच्या त्वचेपेक्षा गरम, गार, कडक किंवा मऊ लागते का, तिथे दुखते का, हे हात लावून पाहायला शिकवावे लागते. पुण्यात शिकवताना एवढा भाग वगळला, तर उरलेल्या धड्याचा उपयोग फार थोडा.

पुण्यात १९६३ मध्ये स्थापन झालेल्या कर्वे समाज सेवा संस्थेत समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पण कोथरूड किंवा सहकारनगरातल्या घरात आजी-आजोबांपाशी बारा-बारा तास थांबणाऱ्या मावशी बहुधा ब्यूरोमार्फत आलेल्या असतात आणि दुसऱ्या मावशींचे पाहून काम शिकलेल्या असतात. मार्गदर्शनाची सर्वांत निकड त्यांना आहे, आणि इंग्रजी सूचनापत्राचे भाषांतर हाती देऊन ती भागत नाही. कूस बदलण्याची वेळ सकाळचा चहा, अंग पुसणे, जेवण, दुपारचा चहा अशा दिनक्रमाशी बांधून दिली, तर ती ध्यानात राहते. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी कशी ठेवायची, हे खाटेजवळ उभे राहून, त्यांच्याच हाताने करून घ्यावे लागते. तेल चोळू नका असे सांगताना कारणही सांगणे आवश्यक असते, कारण घरची माणसे "आज मालिश नाही केली का?" असे विचारतात तेव्हा उत्तर मावशींनाच द्यावे लागते.

प्रशिक्षणाच्या मूल्यमापनासाठी अमेरिकी प्रशिक्षणतज्ज्ञ डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये सुचवलेले चार टप्पे आजही वापरले जातात : प्रतिसाद, आकलन, वर्तन आणि परिणाम. त्यांपैकी वर्तनाचा टप्पा देखभालीच्या कामात सर्वाधिक मोलाचा असून तो वर्गात तपासता येत नाही. काही आठवड्यांनी त्या घरी जाऊन कूस बदलल्याची वही उघडावी, रात्रीच्या नोंदी वेळेवर आहेत का ते पाहावे आणि सकाळच्या पाळीला आलेल्या मावशी ती वही वाचूनच कामाला लागतात का, हेही पाहावे.